माझं गाव ओळखायला बसलेले तिघे

फॉर्मवर सातवा प्रश्न होता: 'तुम्ही अभिनय, नकला, निवेदन यांपैकी काही करता का?' मी बिनधास्त 'नाही'वर टिक मारली.

आता तुम्ही म्हणाल, खोटारडा. जरा थांबा. सहावीत असताना मी आमच्या हेडसरांची नक्कल केली होती, तीही प्रार्थनेच्या वेळी, चालू माइकवर. सर तेव्हा घरी पोहे खात होते. पण सगळी शाळा ताठ उभी राहिली, शिपायानं घंटा दिली आणि दोन मास्तर खडू घेऊन वर्गाकडे पळाले. त्याबद्दल हेडसरांनी माझ्याकडून 'मी नकला करत नाही' हे वाक्य दोनशे वेळा लिहून घेतलं. तेव्हापासून तोंडी विचारलं तर मी खरं सांगतो. कागदावर विचारलं की हात आपोआप 'नाही'कडे जातो. हाताला वळण लागलंय, मी काय करू?

आणि कामही तसंच होतं ना. जानेवारी महिना, ब्रॅम्पटनमध्ये उणे अठरा, वेअरहाऊसमध्ये खोकी उचलून माझी पाठ बोलायला लागली होती. त्यात विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: 'रिसर्चसाठी मराठी बोलणारी व्यक्ती हवी. खान्देश किंवा वऱ्हाडकडची. नैसर्गिक बोलणं. हीटिंग असलेली खोली, जेवण मिळेल.' बसून बोलायचं आणि वर जेवायचं! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नीट चौकशी कर रे. किडनी काढतात असं सांगून."

किडनी कुणी काढली नाही. टोरोंटोच्या युनिव्हर्सिटीत कायद्याच्या बिल्डिंगमध्ये एक ताई बसली होती. वसईची, कॅथलिक, दहावीनंतर आईवडलांबरोबर इकडे आलेली. आता पीएचडी करत होती, युरोपातल्या आश्रय मागणाऱ्यांच्या कायद्यावर. मराठी फास्ट बोलायची, मध्येच इंग्लिशमध्ये घुसायची आणि परत मराठीत यायची.

"ताई, युरोपच्या कायद्यात माझ्या मराठीचं काय काम?"

"बस, सांगते. समज, एक माणूस तिकडे पोचला. म्हणतो, माझ्या गावात मारामारी चाललीय, मला राहू द्या. पासपोर्ट नाही, कागद नाही. मग तो त्याच गावचा आहे हे कशावरून?"

"रेशनकार्ड?"

"कागद नाहीत म्हटलं ना! मग काही देशांमध्ये काय करतात, त्याला बोलायला लावतात. रेकॉर्ड करतात. ते रेकॉर्डिंग त्या भाषेच्या माणसाला ऐकवतात. तो ऐकून लिहून देतो, हा तिथलाच वाटतो, किंवा हा तिथला नाही."

"आणि 'नाही' लिहिलं तर?"

"तर मग हा गावाबद्दल खोटं बोलला असं धरतात. आणि गावाबद्दल खोटं बोलला म्हणजे बाकीचंही खोटंच असणार." तिनं पेन टेबलावर आपटलं. "कोर्टं म्हणतात की नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका. पण एकदा फाइलमध्ये तो कागद लागला की हिंगासारखं होतं. पुडी बाहेर काढली तरी डब्याला वास राहतो."

तिचं म्हणणं सोपं होतं. मुलाखतीतला दुभाषा बहुतेक दुसऱ्याच भागातला असतो. समोरचा माणूस घाबरलेला असतो. दुभाष्याला आपलं कळावं म्हणून तो नकळत त्याच्यासारखं बोलायला लागतो, आणि मग तेच बोलणं त्याच्या विरुद्ध जातं. खऱ्या लोकांची रेकॉर्डिंग्ज तिला वापरता येत नव्हती, ती त्यांच्या जिवाची गोष्ट. म्हणून तिनं आपली मराठी घेतली, जिच्यात कुणाच्या केसाला धक्का लागणार नव्हता. ती मला प्रश्न विचारणार, मी बोलणार, आणि तीन मराठी माणसं ऐकून माझं गाव सांगणार.

"तू फक्त स्वतःसारखं बोल," ती म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

मी बोललो. आमचं गाव खान्देश संपून वऱ्हाड सुरू होतं तिथलं. वडलांचं कापडाचं दुकान, मंगळवारचा बाजार, उन्हाळ्यात गाठोड्यांवर झोपणारं मांजर, सगळं सांगितलं. ताई मान डोलवत होती, मला रंग चढत होता. वीस मिनिटं कधी संपली कळलं नाही. मग तिनं चिकन बिर्याणी दिली आणि मी मनात म्हटलं, कायद्याचं शिक्षण म्हणजे सोन्यासारखं शिक्षण.

आठवड्यानं तिचा फोन आला. आधी नुसतंच किंचाळणं ऐकू आलं.

"तिघंही! अरे, तिघंही चुकले!"

ऐकणारे तीन जण असे होते. एक कोल्हापूरकडचे काका, ब्रॅम्पटनमध्ये ट्रक चालवणारे. दुसऱ्या अकोल्याच्या काकू, वीस वर्षं इथे आहेत आणि वीस वर्षांत आपल्या बोलीला ओरखडा पडू दिला नाही म्हणून सगळ्यांना सांगतात. तिसरे ताईचेच वडील, ओकव्हिलला राहणारे अंकल. मुलीनं त्यांना रेकॉर्डिंग कुणाचं आहे ते अजिबात सांगितलं नव्हतं.

काकांनी लिहिलं होतं: मुंबईच्या बाजूचा, समुद्राकडचा पोरगा, पैज लावतो. काकूंनी लिहिलं होतं: आमच्याकडचा? शक्यच नाही, वऱ्हाडातला पोट्टा असता तर पहिल्या वाक्यात ओळखला असता. आणि अंकलनी तर कमालच केली. त्यांनी लिहिलं होतं: वसई, आपल्यातलाच, कुठल्या चर्चचा, कुठल्या पॅरिशचा आहे तेवढं विचारून सांग.

ताई हसून हसून बोलूच शकत नव्हती. मी पण हसलो. पण अर्ध्यातच थांबलो. कारण ताईला वाटत होतं, साधा सरळ पोरगा बोलता बोलता नकळत तिच्यासारखा झाला. आणि मी कसला साधा सरळ! मी बसड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतो ते पण त्याच्याच आवाजात. पंजाबी घरमालकीण बेसमेंटच्या जिन्यावरून ओरडते, तर मी खालून तिच्याच सुरात उत्तर देतो, आणि तिचा नवरा मलाच 'आया जी' म्हणतो.

"ताई, हे एवढं महत्त्वाचं आहे का?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"हे प्रकरण म्हणजे माझा प्रबंध आहे रे. हे गेलं तर पुरणपोळीतून पुरण गेल्यासारखं. नुसती पोळी कोण पास करणार?" मग तिनं सांगितलं की फेब्रुवारीत युरोपातून एक प्रोफेसर येणार आहेत. तिच्या प्रबंधाचे बाहेरचे परीक्षक. त्यांनीच मागे लिहून ठेवलंय की ऐकणारा त्या भाषेत जन्मलेला असेल तर अशा तपासणीवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. त्यांच्यासमोर ती हे सगळं मांडणार. त्यांना पटलं तर प्रकरण राहणार, नाही पटलं तर चार वर्षांचं काम कपाटात. "आणि तू पण यायचं. त्यांना तुला बघायचंय."

फोन ठेवल्यावर मी ठरवलं, तोपर्यंत आपलं स्वतःचं बोलणं शोधून काढायचं. खरंखुरं, बिनभेसळीचं. बेसमेंटमध्ये आरशासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "माझं नाव अमुक." हेडसर बोलले. परत म्हटलं. क्रिकेटची कॉमेंट्री झाली. मग आईला फोन लावला.

"आई, मी कसा बोलतो गं?"

"चांगला बोलतोस. काय झालं?"

"तसं नाही. म्हणजे कुणासारखा?"

"माझ्यासारखा," ती म्हणाली. मागून वडील ओरडले, "काही नाही, माझ्यासारखा!" मग त्या दोघांचं त्यावरून जे जुंपलं ते मी दहा मिनिटं ऐकलं आणि फोन ठेवला. 'ठेवतो' म्हणालो ते वडलांसारखं, आणि 'जप गं' म्हणालो ते आईसारखं.

फेब्रुवारीत त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. ताईनं ऐकणाऱ्या तिघांनाही बोलावलं होतं, म्हणून काकांनी आपली व्हॅन काढली. आधी माझं बेसमेंट, मग काकूंचं घर. काकूंच्या दारात काकांनी आणि मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढला, तोवर काकू खिडकीतून सूचना देत होत्या. एरवी तासाचा रस्ता त्या दिवशी सव्वादोन तासांचा झाला. तेवढ्या वेळात काका आणि काकूंनी पांढरा रस्सा मोठा की वऱ्हाडी रस्सा, विंटर टायर कुठले चांगले आणि हल्लीची पोरं लग्नाला का घाबरतात, असे तीन विषय संपवले. मी मागे बसून दोघांना हळूच एकमेकांच्या आवाजात उत्तरं देत होतो. दोघांना खूप मजा आली. काका म्हणाले, "लेका, तू हितं काय करतोस, टीव्हीवर जा की!" तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण कौतुक ऐकलं की माझे कान बंद होतात आणि तोंड उघडतं.

बिल्डिंगमध्ये पोचलो तेव्हा प्रोफेसर आलेले होते. उंच, पांढरे केस, अंगात तीन स्वेटर. प्रत्येक वाक्याआधी नाकातून "म्म्म" करायचे, तंबोरा लावल्यासारखं, आणि वाक्याच्या शेवटी "नो?" म्हणून थांबायचे. दोन मिनिटं हात मिळवून बोलले आणि वॉशरूमला गेले. दोन मिनिटं! मला दीड पुरतात.

कॉफीच्या टेबलाजवळ काकांनी विचारलं, "ह्ये पाव्हणं काय म्हणालं रं?"

मी पाठ ताठ केली, तीन स्वेटरांचं वजन खांद्यावर घेतलं आणि म्हणालो, "म्म्म... ट्रस्ट इज अ व्हेरी डेलिकेट अ‍ॅनिमल, नो?"

काकांच्या नाकातून कॉफी आली. काकू भिंतीला टेकल्या. म्हणून मी अजून एक सोडलं. "म्म्म... वी शॅल बिगिन, नो?"

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि ताई हातातला कागद वाचत वाचत बाहेर आली. मान वर न करताच अदबीनं इंग्लिशमध्ये म्हणाली, "येस प्रोफेसर, सगळं रेडी आहे, पाणी तुमच्या डावीकडे ठेवलंय..."

मग तिनं मान वर केली. समोर मी. आणि कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशरूमच्या दारातून, प्रोफेसर हात पुसत बाहेर येत होते.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत त्यांच्याकडे.

"हे तू होतास?"

"ताई, ते जरा..."

"फॉर्मवर सातव्या प्रश्नाला काय लिहिलंस?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचाच आवाज आठवेना.

"म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये तू माझी नक्कल करत होतास?"

"आईशप्पथ नाही ताई! ते आपोआप झालं. मुद्दाम करतो तेव्हा माझं मला कळतं. तेव्हा कळलं नव्हतं."

"हे मी त्यांना कसं पटवू?"

"कशाला पटवायचं? सांगूच नको ना. त्यांनी ऐकलं नाही. काका-काकू काही बोलणार नाहीत." काकांनी जोरात मान हलवली.

ताईनं डोळे मिटले. मग हळू म्हणाली, "चार वर्षं मी काय लिहितेय माहितेय? की एक टिक खोटी निघाली म्हणून माणसाचं सगळं खोटं धरू नका. आणि आता मीच ती टिक लपवू?"

ती आत गेली. आम्ही तिघं मागोमाग, बळीच्या बकऱ्यांसारखे. आत डझनभर लोक, विद्यार्थी आणि मास्तर, आणि पुढच्या रांगेत अंकल, कोट-टाय घालून. बर्फामुळे ज्यांना येता आलं नव्हतं त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग चालू होतं, टेबलाच्या मधोमध माइक.

ताईनं नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. उभी राहिली आणि सरळ सांगून टाकलं: ज्याच्या बोलण्यावर माझा प्रयोग उभा आहे, तो मुलगा नकलाकार आहे, त्यानं फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं, आणि मला हे पाच मिनिटांपूर्वी कळलं.

प्रोफेसर माझ्याकडे वळले. "म्म्म. आमच्याकडे फाइल इथेच बंद झाली असती, नो? पण मला विचारायचंय. 'नाही' का लिहिलंत?"

मी हेडसरांची सगळी गोष्ट सांगितली, तुटक्या इंग्लिशमध्ये. पोहे, माइक, दोनशे वेळा. ते इतके हसले की वरचा स्वेटर काढावा लागला. माझ्या जिवात जीव आला. मग डोळे पुसत म्हणाले, "माझा तुमच्यावर विश्वास बसला. पण नमुना म्हणून तुम्ही बाद." आणि ताईकडे वळून, अगदी हळुवारपणे, "हा मुलगा काढला तर प्रकरणात काय उरतं?"

ताईनं हातातला कागद उलटा करून टेबलावर ठेवला. अंकल टाय सैल करत होते.

आणि इथे काका उठले.

"काय म्हणतोय त्यो? पोरगा बाद? म्हणजे आमचं ऐकलेलं बी बाद?"

मी सांगितलं, हो.

"आन का? मी वळखलं हुतं की! म्हटलं हुतं ना, समुद्राकडचा! कारण ही पोरगी समुद्राकडची! म्हणजे मी बरोबरच!"

अंकल म्हणाले, "अरे बाबा, मग मी जास्त बरोबर. मी तर वसईच सांगितलं."

"ज्याचं गाव सांगायचं त्याचं सोडून तुम्ही विचारणारीचं गाव सांगता, आणि वर बरोबर?" काकू उठल्या. त्यांचा चष्मा घसरला होता. आता तिघंही उभे, मध्ये टेबल, टेबलावर माइक. प्रोफेसरांना एक अक्षर कळत नव्हतं पण ते टेनिस बघितल्यासारखे मान हलवत होते. काका म्हणाले, "वैनी, तुमच्या शिवेवरचा पोरगा तुमालाच वळखला न्हाई, तुमी काय सांगताय!" त्यावर काकू जे सुटल्या ते सुटल्याच. बोट नाचवत, श्वास न घेता.

मी ऐकत होतो, आणि माझे कान उभे राहिले. ताईकडे बघितलं. तिचेही.

काकू भांडत होत्या, पण अकोल्याची बाई भांडते तशा नाही. त्यांच्या बोलण्यातलं 'राह्यले' गेलं होतं, 'मले-तुले' गेलं होतं. सव्वादोन तास व्हॅनमध्ये काकांच्या शेजारी बसून काकू कोल्हापुरात पोचल्या होत्या, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

ताईनं माइकचा लॅपटॉप ओढला. दहा सेकंदांचा तुकडा शोधला. काकूंच्या कानाला हेडफोन लावला.

"काकू, एक मिनिट. ही बाई कुठली, सांगा बरं."

काकू अजून धापा टाकत होत्या, रागात आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही नव्हतं, पण परीक्षा म्हटल्यावर गंभीर झाल्या. मी स्पीकरमधून नंतर ऐकलं ते असं होतं: "अवो, असं कसं म्हंता तुम्ही? आधी माणसाचं ऐकून तर घ्या की!"

"ही? सातारा-कोल्हापूर," काकू म्हणाल्या. "शंभर टक्के. आणि बाप्पा, भांडखोर दिसते बाई."

"काकू, ही तुम्ही आहात. आत्ताच्या."

काकूंनी हेडफोन काढला. परत लावला. परत ऐकलं. "हट! हे मी बोललीच नाही."

ताईनं प्रोफेसरांना काय झालं ते समजावलं. ती इंग्लिशमध्ये सांगत होती आणि प्रोफेसर मात्र काकूंचा चेहरा बघत होते. काका तर खुर्चीत मावत नव्हते. "वैनी आमच्या! आमच्या गावच्या!" असं म्हणत त्यांनी अंकलच्या पाठीवर थाप मारली. एका विद्यार्थ्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बर्फातून आलेला सगळा वर्ग हसत होता, ताई हसता हसता रडत होती, आणि मी कुणाचीही नक्कल न करता नुसता उड्या मारत होतो.

प्रोफेसरांनी "म्म्म" केलं. या वेळी ते बराच वेळ चाललं.

"या बाई नकलाकार नाहीत, नो? जन्मानं त्या भाषेतल्या. आणि स्वतःला ओळखलं नाही." ते ताईला म्हणाले, "मुलगा काढा. हे घाला. या बाई असतील तर प्रकरण उभं राहतं. मला माझं जुनं लिहिणं पुन्हा वाचावं लागेल, ते मला आवडणार नाही, पण वाचीन."

आणि तेव्हाच काकूंनी पर्स उचलली आणि त्या खोलीतून निघून गेल्या.

आता इथे एक नियम आहे. कुणाचाही आवाज रिसर्चमध्ये वापरायचा तर त्याची लेखी परवानगी लागते. दुसऱ्याचं ऐकून मत देण्याची परवानगी काकूंनी दिली होती. स्वतः नमुना व्हायची नाही. म्हणजे ताईचं प्रकरण आता एका सहीवर आलं होतं, आणि सही रागावून लिफ्टपाशी उभी होती.

ताईनं एक कोरा फॉर्म माझ्या हातात कोंबला. "तू बिघडवलंस, तूच आण. पण जबरदस्ती नाही करायची. त्या नाही म्हणाल्या तर नाही. आणि कुणाच्याही आवाजात मागायची नाही!"

परतीच्या वाटेवर काकूंनी तोंड उघडलं नाही. पुढच्या सीटवर शाल गुंडाळून बसल्या, ओठ घट्ट. काकांनी विचारलं, "वैनी, हीटर वाढवू?" त्यांनी बोटानं वर दाखवलं. "वैनी, कॉफी घेऊ या?" नुसतीच नकाराची मान. बोललं तर परत घसरू, म्हणून बोलायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं हे हायवेवर माझ्या लक्षात आलं. मी मागे फॉर्म मांडीवर घेऊन बसलो होतो आणि हसू दाबून माझ्या बरगड्या दुखत होत्या, पण रडूही येत होतं, कारण ताईचे दर दहा मिनिटांनी मेसेज येत होते. 'काय म्हणतात?' 'काहीच नाही म्हणत.' 'म्हणजे नाही?' 'नाही, म्हणजे काहीच नाही.'

ब्रॅम्पटनचा एक्झिट आला तेव्हा काकू एकदम बोलल्या. हळू, एकेक शब्द तपासून.

"माझी पोरं माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलतात. नवरा अर्धं इंग्लिश, अर्धं हिंदी. आमच्या घरात अकोला फक्त माझ्या तोंडात उरलंय. आणि तुमची ताई लिहिणार की तेही दोन तासांत गेलं?"

माझं हसू जिथल्या तिथे थांबलं. काकांनी रेडिओ बंद केला.

मला काही शहाणपणाचं सुचलं नाही. जे होतं तेच सांगितलं. "काकू, आमच्या दुकानात बाजाराच्या दिवशी पंचवीस गावच्या बाया येतात. बाबा प्रत्येकीशी तिच्यासारखं बोलतात. मी लहानपणी विचारलं, तुम्ही चिडवता का त्यांना? तर म्हणाले, वेड्या, पाहुणा आला की आपण त्याला पाट देतो ना, तसं आहे हे. पाट दिला म्हणून घर थोडंच जातं?"

काकूंनी शाल जरा सैल केली. काका मात्र हळूच म्हणाले, "म्हणजे वैनींनी मला पाट दिला की." आणि त्यांनी बाहीनं डोळे पुसले. ट्रक चालवणारा माणूस, पण असा आहे.

घरापाशी गाडी थांबली. साडेपाच वाजले होते, ड्राइव्हवे परत पांढरा झालेला. काकू उतरल्या. दोन पावलं गेल्या, परत आल्या, खिडकीवर टकटक केलं.

"फॉर्म दे."

मी इतक्या जोरात दार उघडलं की ते बर्फाच्या ढिगात रुतलं.

"पण माझ्या अटी आहेत. एक, त्यात स्पष्ट लिहायचं की बाई वऱ्हाडातलीच आहे, जन्मानं आणि मनानं. दोन, 'भांडखोर' हा शब्द कुठेही यायचा नाही."

"ते तुम्हीच म्हणाला होतात..."

"कुठेही यायचा नाही!"

त्यांनी व्हॅनच्या बॉनेटवर कागद ठेवला. माझं पेन गोठलं होतं, काकांचंही. काकांनी तोंडानं फुंकर मारून मारून ते चालू केलं. काकूंनी सही केली, खाली तारीख घातली आणि कागद मला न देता आधी स्वतः एकदा पूर्ण वाचला. मी लगेच फोन लावला. "झाली," एवढंच म्हणालो. पलीकडून ताई जी किंचाळली ती शेजारच्या घरातल्या कुत्र्यालाही ऐकू गेली, ते भुंकायला लागलं.

काकू समाधानानं वळल्या, पायऱ्या चढल्या, बेल दाबली. कुणी येईना. मग त्यांनी दारावर थाप मारली आणि नवऱ्याला जोरात हाक दिली:

"अवो, दार उघडा की! कवाधरनं उभी हाय मी!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. दोघांनीही ओठ दातांखाली धरले, गाडी रिव्हर्स घेतली, आणि सही खिशात नीट ठेवून कोपऱ्यापर्यंत एक शब्द बोललो नाही.